खाड्यांचा हिशेब

दिवाळीच्या सुमारास मोर्शीच्या बाजारात आंबिया बहाराचे संत्रे उतरू लागते. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ते ह्या अंकाच्या आधीच पोचले असेल. संत्रे सोलताना त्याच्यामागे कोणाचे काय झाले ह्याचा विचार कोणी करीत नाही, आणि सणाच्या दिवशी करावा असा आग्रहही मी धरणार नाही. परंतु आमच्याकडचा बागाईतदार झाडाविषयी एक गोष्ट जाणून असतो, ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. संत्र्याचे झाड आपणहून मनासारखे फुलत नाही. त्याला ताण द्यावा लागतो. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत, मृग धरावयाचा तर मे महिन्याच्या उन्हात त्याचे पाणी तोडतात. पाने मलूल होतात, काही गळतात, आणि मग पाणी सोडले की झाड पांढऱ्या फुलांनी भरून जाते. मात्र ताण किती दिवसांचा हे जमीन पाहून ठरते. भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस, हलक्या जमिनीत थोडे. आणि जे झाड मुळातच अशक्त आहे त्याला जाणता माळी ताण देतच नाही. देईल तर ते फुलावयाचे सोडून वाळावयाचे.

झाडाच्या बाबतीत जो विवेक आम्ही वऱ्हाडी माणसे सहज दाखवतो, तो माणसाच्या बाबतीत आमच्याकडून किती दाखवला गेला, हा ह्या लेखाचा विषय आहे. मोर्शीत मी पुष्कळ वर्षे मास्तरकी केली. त्या वर्षांत काही मुले माझ्यापुढे बसून गेली, ज्यांच्या डोळ्यांत किंचित पिवळी झाक असे, जी थंडीच्या दिवसांत आठ-आठ दिवस शाळेत येत नसत, आणि आली की "सर, हाडं दुखत व्हती" एवढेच सांगत. ह्या आजाराला आता गावोगाव नाव आहे. लोक त्याला नुसते 'सिकल' म्हणतात. सिकल म्हणजे विळा. रक्तातल्या गोल, लवचीक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा उठतात. आई आणि बाप दोघांकडून दोषाचा एकेक वाटा आला तरच हा आजार होतो. एकाकडूनच आला तर माणूस नुसता वाहक राहतो आणि बहुधा धडधाकट आयुष्य जगतो. ज्या आजाराला शेतमजुराच्या हातातल्या हत्याराचे नाव मिळावे, त्या आजाराने शेतमजुराच्याच घरी अधिक वस्तीला यावे, हा योगायोग मला कित्येकदा अस्वस्थ करून गेला आहे.

आता हा इतिहास जिथून सुरू होतो तिथे आपण जाऊ. ती जागा मोर्शीपासून फार लांब आहे. परंतु तिथे जो भेटतो तो आपल्या विषयाचा पहिला माणूस आहे.

१९०४ साली वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा नावाच्या लहानशा बेटावरून वॉल्टर क्लेमेंट नोएल हा वीस वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण अमेरिकेत आला. घरचा बरा होता. शिकागोच्या दंतवैद्यकाच्या महाविद्यालयात नाव घालावे म्हणून आला होता. प्रवासातच त्याच्या घोट्यावर एक व्रण चिघळला. शिकागोची थंडी म्हणजे आमच्या सातपुड्याच्या थंडीचे दहा पट रूप. डिसेंबरच्या अखेरीस त्याला खोकला, ताप, अशक्तपणा घेऊन प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात दाखल व्हावे लागले. तिथे अर्नेस्ट आयर्न्स नावाच्या शिकाऊ डॉक्टराने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि त्या लांबट, वाकड्या पेशी पाहून तो चक्रावला. त्याने त्या आपले वरिष्ठ डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांना दाखवल्या. हेरिक सावध माणूस. त्यांनी घाई केली नाही. सहा वर्षांनी, १९१० साली, त्यांनी ह्या रोग्याची हकीकत छापली. वैद्यकाच्या ग्रंथांत सिकलसेलचा जन्म त्या लेखापासून धरतात. 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव मात्र त्याला पुढे १९२२ साली मिळाले.

ग्रंथ इथे थांबतात, कारण त्यांना पेशीशी काम. माझे कुतूहल त्या पोराशी आहे. पुढची अडीच वर्षे तो आजारी पडत राहिला, बरा होत राहिला, पुन्हा पडत राहिला. आणि १९०७ साली आपल्या वर्गाबरोबर पदवी घेऊन बाहेर पडला! ह्या वाक्यापुढे मी उद्गारचिन्ह घातले आहे. संपादकांनी ते काढू नये. ज्या आजाराचे नाव जगात कोणाला ठाऊक नव्हते, ज्यावर एक गोळी नव्हती, तो आजार अंगात घेऊन, परक्या मुलखात, काळ्या माणसाला पायरीवर उभे न करण्याच्या काळात, त्याने आपले शिक्षण पुरे केले. मग तो शिकागोत राहिला नाही. आपल्या उबदार बेटावर परत गेला, सेंट जॉर्जेस ह्या राजधानीच्या गावी त्याने दवाखाना मांडला, आणि १९१६ साली न्यूमोनियाने वारला तोपर्यंत लोकांचे दात पाहिले. वय बत्तीस.

बत्तीस म्हणजे काही वय नव्हे, हे खरे. परंतु त्याने निवडलेल्या कामाकडे नीट पाहा. छपराखालचे काम. ऊन नाही, पाऊस नाही, गार पाण्यात उभे राहणे नाही. ओझे उचलणे नाही. दार आपले, अंग दुखते त्या दिवशी ते बंद ठेवावयास कोणाची रजा मागावी लागत नाही. बर्फाच्या गावाऐवजी ऊबदार गाव. आजचा एखादा जाणता डॉक्टर सिकलच्या रोग्याला कामाविषयी जो सल्ला देईल, तो जवळजवळ शब्दशः नोएलच्या आयुष्यात मांडलेला दिसतो. त्याने तो विचारपूर्वक निवडला असो की परिस्थितीने त्याच्या पदरात टाकला असो, त्याच्यापुढे निवड करण्याजोगे काहीतरी होते. बापाची ऐपत होती. ह्या रोगाच्या इतिहासातला पहिला रोगी धंदा निवडू शकणारा निघाला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते, कारण आपल्या देशात नेमके उलटे झाले.

हिंदुस्थानात हा आजार प्रथम १९५२ साली कागदावर आला. त्या वर्षी लेहमान आणि कटबुश ह्या दोघा संशोधकांना निलगिरीच्या आदिवासींच्या रक्तात विळ्याच्या पेशी सापडल्या. त्याच वर्षी आसामच्या वरच्या भागातल्या चहाच्या मळ्यांतूनही तशीच वार्ता आली. तिथले रोगी कोण होते? मळ्यातले मजूर, दूरच्या मुलखांतून पिढ्यांपूर्वी आणलेल्या मजुरांची लेकरे. शिकागोचा रोगी दवाखाना मांडावयास निघाला होता. आमचे रोगी पाठीवर टोपली घेऊन पाने खुडत होते. त्यांचे काम त्यांनी निवडलेले नव्हते, त्यांच्या आज्यांनीही नव्हते.

मग १९५८ साली नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या शुक्ल आणि सोळंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या, म्हणजे आपल्याच भागातल्या, माणसांच्या रक्तात हा दोष असल्याचे 'लॅन्सेट' ह्या इंग्रजी वैद्यक नियतकालिकात मांडले. तेव्हापासून विदर्भाचे नाव ह्या आजाराशी जोडले गेले ते गेलेच. गोंड, कोरकू आदी आदिवासींमध्ये, पूर्वीच्या महार समाजामध्ये त्याचे प्रमाण अधिक. पण इतर जाती त्यातून सुटल्या आहेत असे समजून कोणी निश्चिंत बसू नये. हा दोष इकडे इतका का टिकला त्याचे कारण १९५४ साली ॲलिसन ह्या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अभ्यासावरून दाखवले: जो नुसता वाहक असतो त्याला प्राणघातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. सातपुड्याच्या रानात हिवतापाने किती पिढ्या खाल्ल्या हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा. ज्या दोषाने आजोबाला हिवतापातून वाचवले, तोच दोन्हीकडून आला की नातवाला पाडतो.

१९५८ साली नाव मिळाले; आजार अर्थातच त्यापूर्वी शेकडो वर्षे होता. मग त्या नाव नसलेल्या काळात ह्या माणसांचे कामाच्या ठिकाणी काय होत असेल? आमच्या भाषेत ह्याचे उत्तर आहे. उत्तर म्हणजे एक शिवी आहे: कामचोर. वऱ्हाड हा अंगमेहनतीचा आणि अंगमेहनतीचा अभिमान बाळगणारा प्रांत. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि त्याची माणसे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली, हे आम्ही पाहुण्यांना अजून सांगतो, आणि सांगण्यासारखेच आहे ते. पण जिथे शरीर कमावणे हा धर्म, तिथे एखाद्याचे शरीर चार दिवस चांगले आणि पाचव्या दिवशी लोळागोळा, हे कोणाला समजावे? लंगडा दिसतो, आंधळा दिसतो. ह्याचे काही दिसत नाही. काल तर हा धुऱ्यावर हसत उभा होता!

१८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात सरकारने खडी फोडण्याची आणि मातीकामाची कामे काढली. त्या काळच्या दुष्काळसंहितेत एक गोष्ट बरी होती. सगळ्यांना एक माप न लावता मजुरांचे त्यांच्या कुवतीप्रमाणे वर्ग पाडावेत, अशक्तांना हलके काम द्यावे, असा विचार तीत केलेला होता. अंमलात ते किती आले ते सोडून द्या. त्या सरकारच्या दयाळूपणाचे पोवाडे मी गाणार नाही. पण कल्पना कागदावर होती. पुढे १९७२ च्या दुष्काळातून आपली रोजगार हमी आली, १९७७ साली तिचा कायदा झाला. वि. स. पागे ह्यांची ही कल्पना थोर, तिने लाखो चुली पेटत्या ठेवल्या, ह्यात वाद नाही. तथापि काम मुख्यतः खोदण्याचे आणि मजुरी मोजमापावर. खड्ड्याच्या मापाला माणसाचे रक्त दिसत नाही. मेच्या उन्हात, तहानेने घसा कोरडा पडलेला असताना टिकाव मारणे हे सिकलच्या रोग्याला विष आहे, कारण अंगातले पाणी आटले की पेशी वळावयास लागतात. झाडाला ताण देण्याच्या त्याच महिन्यात आम्ही ह्या माणसांनाही ताण देत होतो.

इथे मला युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या घरांतला असाच एक आजार आठवतो. त्याचे नाव सिस्टिक फायब्रोसिस. हाही आईबाप दोघांकडून येणारा. ह्यात फुप्फुसांत आणि अन्न पचवणाऱ्या ग्रंथींत चिकट स्राव साचतो, श्वास अडतो, अन्न अंगी लागत नाही. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन ह्या बाईंनी तो वेगळा ओळखला. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये भयंकर उष्मा झाला तेव्हा त्यांच्या रुग्णालयात ही मुले इतरांपेक्षा फार अधिक कोमेजून दाखल होऊ लागली. त्याचा माग काढता काढता १९५३ साली डि सांत आन्येसे ह्या डॉक्टरांना उमगले की ह्या मुलांच्या घामातून मीठ बेसुमार वाहून जाते. घामाची परीक्षा हीच मग त्या रोगाची ओळख ठरली. त्या काळी ती मुले शाळेचे वय क्वचितच गाठत. त्यांच्या नोकरीची चिंता कोणी करावी? पुढे उपचार सुधारले, १९८९ साली दोषाचे मूळ जनुक सापडले, २०१९ साली तीन औषधांची एक जोडगोळी आली, आणि आज अमेरिकेतल्या ह्या रोग्यांत मुलांपेक्षा प्रौढ अधिक आहेत. झाले! आता नवा प्रश्न. सकाळी छातीतला कफ मोकळा करण्यात तास-दोन तास जाणारा माणूस आठ वाजताची पाळी कशी गाठणार? धुळीच्या कारखान्यात त्याने जावे काय? संसर्गाच्या भीतीने दवाखान्यातली नोकरी टाळावी काय? मालकाला आधी सांगावे की नेमणुकीनंतर? रोग माणसाला मरू देत होता तोवर पोटापाण्याचा प्रश्न विचारला जात नव्हता. तो त्याला जगू देऊ लागला आणि प्रश्न दारात येऊन उभा राहिला.

आमच्याकडे सिकलच्या बाबतीत हेच आता घडत आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाची एक जुनी गोळी ह्या आजारावर उपयोगी पडते आणि कळांचे झटके जवळजवळ निम्म्यावर आणते, हे १९९५ साली अमेरिकेत सिद्ध झाले. ती गोळी आणि फॉलिक ॲसिड आता आपल्याकडेही सरकारी दवाखान्यांतून मिळते. २०२३ च्या जुलैत देशभर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली; सात कोटी माणसांचे रक्त तपासावयाचे तिचे उद्दिष्ट आहे. जी मुले पूर्वी पाचवी-सहावीतच पटावरून कमी होत, ती दहावी-बारावी होऊन, तालुक्याच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडतात. आणि मग घरी बसतात.

कायदा काय म्हणतो, तेही पाहिले पाहिजे. नागपूरचे संपत रामटेके ह्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून ह्या रोग्यांना विकलांगांच्या कायद्यात जागा मिळावी म्हणून वर्षानुवर्षे खटपट केली. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा आला होता. १९९५ च्या जुन्या कायद्यात सातच प्रकार होते; नव्यात एकवीस झाले, आणि त्यांत थॅलसीमिया व हिमोफिलिया ह्यांच्याबरोबर सिकलसेल हा शब्द प्रथमच छापला गेला. केवढा आनंद झाला होता! पण कायदा पुढे वाचावयास हवा. उच्च शिक्षणात पाच टक्के जागा राखून ठेवाव्यात असे एक कलम आहे. त्यात प्रमाणपत्रावर चाळीस टक्के वा अधिक दोष असलेल्या सर्व प्रकारच्या दिव्यांगांना वाव आहे, सिकलच्या रोग्यालाही. सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखाव्यात असे दुसरे कलम आहे. त्यात मात्र प्रकार मोजून सांगितले आहेत: दृष्टीचे, श्रवणाचे, हालचालीचे, मनोबुद्धीचे. रक्ताचे आजार त्यात नाहीत. म्हणजे शिकावयास दार उघडे आणि शिकून झाल्यावर कामाच्या दारावर यादी, आणि यादीत नाव नाही. असे का केले असावे ह्याचा तर्क मला करता येतो. कोणते पद कोणत्या विकलांगाला जमेल हे ठरवणाऱ्या माणसाला डोळा, कान, पाय समजतात. जो आजार येतो-जातो त्याला खुर्ची कोणती द्यावी हे त्याला समजत नाही. पण समजत नाही हे काही कारण झाले नव्हे.

ह्याची दुसरी बाजूही विसरता कामा नये. नाव जाहीर होण्याने नेहमी भलेच होते असे नाही. अमेरिकेत १९७२ साली सिकलसेलसाठी खास कायदा झाला, जागोजाग तपासण्या झाल्या, आणि रोगी व वाहक ह्यांतला फरक न समजलेल्या मंडळींनी धडधाकट वाहकांनाही कामावरून दूर ठेवले. तिथल्या विमानदलाच्या प्रबोधिनीत वाहक तरुणांना प्रवेशच नव्हता. न्यायालयात दाद मागितल्यावर १९८१ साली ती बंदी उठली. आमच्याकडे तपासणीचे कार्ड घरात आले की ते पेटीच्या तळाशी जाते. मुलीचे असेल तर हमखास जाते. लग्नाची धास्ती पहिली, कामाची दुसरी. त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

आता मोर्शीत परत येतो, कारण कायदा आणि दवाखाना ह्यांच्यापलीकडे ह्या माणसांनी आपापल्या अकलेने काही मार्ग काढले आहेत, आणि ते कुठेच छापलेले नाहीत.

आमच्याकडे वर्षाच्या बोलीवर शेतात राहणाऱ्या माणसाला सालदार म्हणतात. त्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. जितके दिवस तो येणार नाही तितके खाडे, आणि खाड्यांचे पैसे कापले जातात. सिकलचा माणूस सालदारकी कधीच धरीत नाही. मी एकाला विचारले होते. तो म्हणाला, "सर, मले रोज दुखत नाही. पन कवा दुखीन ते मले सांगता येत नाही, आन् मालकाले तेच आधी सांगा लागते." ह्याहून नेमके निदान मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. आजारापेक्षा आजाराची अनिश्चितताच त्याची भाकरी खाते.

म्हणून ही माणसे किलोवर मजुरी मिळणारे काम पसंत करतात. कापसाच्या वेचणीत असे असते. दिवाळीच्या आगेमागे पहिली वेचणी निघते, शेतात सीतादही होते, आणि मग बाया ओटी बांधून सऱ्यांमधून सरकतात. जितका वेचला तितक्याचे पैसे. दुपारी सावलीला बसले तर कोणी विचारत नाही, उद्या आले नाही तरी खाडा पडत नाही. हेच मोजमाप रोजगार हमीच्या खड्ड्यावर ह्यांना मारक होते आणि कापसात तारक ठरते. फरक इतकाच की कापसात वेग ज्याचा त्याच्या हातात असतो. निंदणाला मात्र ह्या बाया भितात, कारण तिथे पात धरून सगळ्यांबरोबर पुढे सरकावे लागते. मागे राहिलेलीची पात शेजारीण मुकाट्याने उचलते, असेही मी पाहिले आहे. पण रोज उठून कोणाच्या उपकारात किती राहावे?

सगळ्यांत वाईट काम म्हणजे रात्रीचे ओलीत. कृषिपंपाची वीज वर्षानुवर्षे आठवड्यातले काही दिवस रात्रीच येत आली. डिसेंबरच्या थंडीत, मध्यरात्री, गुडघाभर गार पाण्यात दांड फोडत फिरणे! एका बापाने मला सांगितले की त्याने आपल्या पोराला सगळी शेती शिकवली, फक्त रात्रीचे पाणी कधी शिकवले नाही. ते तो स्वतः करी. बाप गेल्यावर त्या पोराने बाग मक्त्याने दिली, आणि स्वतः गावात फोटोप्रती काढण्याचे व अर्ज भरून देण्याचे दुकान घातले. शेती सोडली म्हणून भाऊबंद हसले. मला तो हिशेब शहाणपणाचा वाटला.

आणि शेवटी कलमांचे काम. मोर्शीच्या पलीकडे वरूड तालुक्यात शेंदुरजना घाट म्हणून गाव आहे. संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी त्याची ख्याती आहे. जंबेरीच्या रोपाच्या सालीत बारीक चीर देऊन तीत संत्र्याचा डोळा बसवावयाचा आणि वर पट्टी आवळावयाची. ह्याला ताकद लागत नाही. नजर, बोट आणि धीर लागतो. ऊन चढल्यावर हे काम सुरू करता येते. बाजूला पाण्याची कळशी ठेवता येते, आणि ती ठेवलीच पाहिजे. वर्षांमागे माझ्या वर्गात असलेला एक जण ह्या कामात तरबेज आहे. हंगामात मालक त्याला निरोप धाडतो. चार दिवस तो आला नाही तर पाचव्या दिवशी पुन्हा धाडतो, कारण त्याने भरलेले डोळे फारसे मरत नाहीत. कौशल्य असले की खाडा माफ होतो, हे मला त्याच्याकडून कळले. मात्र त्याच्या कमरेचा सांधा आता झिजू लागला आहे. ह्या आजारात तेही होते, रक्त न पोचल्याने खुब्याचे हाड मरते. उकिडवे बसणे त्याला दिवसेंदिवस जड जाते. त्याने एक लाकडी चौरंग करून घेतला आहे, आणि रोपांचे वाफे थोडे उंच करून द्याल काय असे त्याने मालकाला विचारले. मालक म्हणाला, पाहू. अमरावतीच्या तपोवनात १९४६ पासून डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी बोटे झडलेल्या कुष्ठरोग्यांना शेती आणि हातउद्योग दिले, ते असेच, माणसाप्रमाणे काम बेतून. तेव्हा आमच्या जिल्ह्याला ही गोष्ट नवी नाही. एक वाफा वीतभर उंच करावयाचा एवढेच तर आहे.

त्याचा धाकटा भाऊही तसाच आजारी, पण शिकलेला. तो तलाठ्याच्या, लिपिकाच्या, मिळेल त्या परीक्षांचे अर्ज भरतो. दिव्यांग असल्यास प्रकार निवडा, असा एक रकाना अर्जात येतो. तिथे तो यादी खालपर्यंत पाहतो आणि काही न निवडता पुढे जातो. गेल्या हिवाळ्यात त्याची परीक्षा नागपूरला होती. पहाटेच्या गाडीने गारठ्यात जावे लागू नये म्हणून तो आदल्या दिवशी दुपारीच निघाला. बरोबर मफलर, गोळ्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या. बाटली आत नेऊ देतील की नाही, एवढी एकच काळजी त्याने मला बोलून दाखवली.